वाजणारी मातीची मूर्ती कशी घडवावी

मेक्सिकोतल्या कांपेचे किनाऱ्याजवळच्या हाइना बेटावर माया लोकांच्या थडग्यांत मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या. काळ साधारण इ.स. 600 ते 900. बायका, योद्धे, चेंडू खेळणारे गडी, आणि यांतल्या कित्येक मूर्ती फुंकल्या की वाजतात! हडप्पा-मोहेंजोदडोलाही पक्ष्यांच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या मिळाल्या आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने पक्षीच निवडावा. पोट गोल असलं की पोकळी सहज जमते.

कुंभारकामाची, खडे नसलेली माती घ्या. लिंबाएवढे दोन गोळे अंगठ्याने दाबून त्यांच्या वाट्या करा. जाडी 5-6 मिलिमीटर. कडा खरवडा, पातळ कालवलेली माती लावून वाट्या जोडा. बोट रुतणार नाही इतपत सुकू द्या.

आता फुंकणी. सगळा जीव इथे आहे, घाई करू नका. शेपटीच्या जागी मातीचा गोळा चिकटवा आणि आइस्क्रीमची चपटी काडी त्यातून, पोटाच्या तळालगत, आत सरकवा. काडी पोकळीत शिरते तिथेच तळाला काडीच्या रुंदीची चौकोनी खिडकी कापा. फुंकणीच्या समोरची कड बाहेरून तिरकी तासून धारदार करा. काडी आत ठेवूनच तासा, म्हणजे धार तिच्या पातळीत येते.

काडी अलगद काढा आणि हलकेच फुंका. नुसतीच हवा सुटली, तर फुंकणीला डोळा लावून पाहा: धार मधोमध आडवी दिसायला हवी. वर-खाली असेल तर चपट्या काडीने किंचित सरकवा. खिडकीत अडकलेले मातीचे कणही आवाज घोगरा करतात, ते टिपून काढा. सूर स्वच्छ लागेपर्यंत डोळे, चोच, पंख यांना हात लावू नका. आवाज आधी, रूप नंतर. नक्षी झाल्यावर फुंकणी दुरुस्त करणं फार जिवावर येतं.

मग बोटांची भोकं. सुरुवातीला दोन पुरेत. बासरीत भोक कुठे आहे याला महत्त्व असतं. इथे भोक किती मोठं आहे याला. म्हणून बोटं आरामात बसतील तिथे, पंखांवर, बारीक भोक पाडा आणि सूर चढवायचा असेल तसं रुंद करत जा.

आठवडाभर सावलीत वाळवा, पूर्ण कोरडी झाल्यावरच कुंभाराच्या भट्टीत द्या. वाळताना, भाजताना माती आक्रसते आणि सूर थोडा चढतो. पेटीशी जुळवायची असेल तर ओली असतानाच सूर किंचित उतरता ठेवा.