कॉलेजच्या भाषेचा ऑनलाइन कोश करताय? नोंदी लिहिताना या चुका टाळा

आमच्या विभागातल्या मुलांनी कॅम्पसवरच्या शब्दांचा ऑनलाइन कोश करायला घेतला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच शब्दांचा ढीग जमला. नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यातली एक नोंद अशी होती:

कल्टी – म्हणजे जेव्हा कोणी सटकतं तेव्हा. उदा. तो कल्टी मारतो. सगळेच वापरतात.

लिहिणाऱ्याला शब्द पक्का ठाऊक होता. पण ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्या हाती यातून फारसं काही लागत नाही. कल्टी हे नाम की क्रियापद? ‘मारतो’ सोडून दुसरं काही चालतं का? ‘सगळे’ म्हणजे कोण, कुठले, कधीचे? नोंद लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे आपलेच मित्र असतात, आणि त्यांना तर शब्दाचा अर्थ सांगायची गरजच नसते. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

मुख्य शब्द नेमका कोणता?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. कानावर पडलं तसंच लिहायची सवय असते, म्हणून ‘कल्टी मारली’, ‘छापलं’, ‘कट्ट्यावर’ अशी चालती-बोलती रूपं शीर्षक म्हणून येतात. शोधणारा मात्र ‘छापणे’ किंवा ‘कट्टा’ टाइप करतो आणि त्याला रिकामं पान दिसतं. क्रियापद ‘-णे’ लावून, नाम विभक्तीप्रत्यय काढून एकवचनात, आणि लिंगानुसार बदलणारं विशेषण पुल्लिंगी रूपात लिहायचं: येडा (-डी, -डं). शीर्षकात ‘-णे’ आणि उदाहरणात बोलल्याप्रमाणे ‘-णं’, असं आम्ही ठरवलं. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण पहिल्याच दिवशी ठरवा. पाचशे नोंदींनंतर हा निर्णय बदलणं फार जड जातं.

नाम आणि क्रियापद मिळून बनणाऱ्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण कॉलेजची मराठी त्यांनी भरलेली आहे: बंक मारणे, केटी लागणे (एखाद्या विषयात नापास होणे), भाव खाणे, प्रॉक्सी लावणे. इथे नुसतं नाम देऊन भागत नाही. कोणतं क्रियापद सोबत येतं त्यावर अर्थ फिरतो. वरची नोंद दुरुस्त केल्यावर अशी झाली:

कल्टी (नाम, स्त्री.) गुपचूप निघून जाणं.
कल्टी मारणे: कोणाला न सांगता निघून जाणे. “हजेरी झाली की मागच्या दारानं कल्टी मारू.”
कल्टी देणे: (एखाद्याला) चुकवून, टाळून निघून जाणे. “थांबा म्हणाला आणि आम्हालाच कल्टी देऊन गेला.”

‘मारणे’ला कर्म लागत नाही आणि ‘देणे’ला कोणीतरी समोर लागतो, हा फरक मूळ नोंदीत पुसला गेला होता. केटीचंही तसंच आहे. ती लागते आणि पुढे सुटते. ‘केटी केली’ असं कोणी म्हणत नाही. ही माहिती नोंदीत नसेल तर बाहेरचा माणूस शब्द समजून घेईल, पण वापरायला गेला की लगेच चुकेल.

लिंग लिहायला विसरणारे पुष्कळ. परभाषेतून आलेल्या शब्दाला मराठीत आपण कोणतं लिंग दिलं, हे कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही, ते तुमच्याच कोशात सापडलं पाहिजे. बंक मारला, प्रॉक्सी लावली, जर्नल लिहिलं. उदाहरणात क्रियापद भूतकाळी ठेवलं की लिंग आपोआप दिसतं.

व्याख्या जागेवर बसते का?

‘म्हणजे जेव्हा...’ने सुरू होणारी व्याख्या दिसली की थांबा. एक साधी कसोटी आहे: उदाहरणातला शब्द काढून तिथे व्याख्या ठेवायची. वाक्य जरा लांबेल, पण मोडता कामा नये. नामाची व्याख्या नामासारखी, क्रियापदाची ‘-णे’नं संपणारी. ‘कल्टी मारणे: गायब’ ही व्याख्या या कसोटीला लगेच अडखळते.

दुसरी चूक म्हणजे एका बोलीशब्दाचा अर्थ दुसऱ्या बोलीशब्दानं सांगणं. ‘झोल: लोचा’ आणि ‘लोचा: झोल’. दोन्ही नोंदी एकमेकींकडे बोट दाखवतात आणि वाचणारा मधे उभा राहतो. समानार्थी शब्द हवेच असतात, पण वेगळ्या रकान्यात. व्याख्या प्रमाण मराठीतच हवी.

तिसरी चूक चटकन दिसत नाही. आमच्याकडे ‘घासू: हुशार विद्यार्थी’ अशी नोंद आली होती. घासू हुशार असेलच असं नाही. तो सतत अभ्यास करत असतो, आणि म्हणणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल थोडी चेष्टा, कधी थोडा हेवाही असतो. ‘सतत अभ्यासात बुडालेला विद्यार्थी (चेष्टेनं)’ असं लिहिल्यावर शब्द खरा उतरला. बोलीतल्या शब्दाचा निम्मा अर्थ बोलणाऱ्याच्या सुरात असतो. तो सूर कंसात दोन शब्दांत नोंदवणं मला व्याख्येइतकंच महत्त्वाचं वाटतं.

झोलचे दोन अर्थ मात्र वेगळे करायलाच हवेत. ‘हजेरीत झोल केलाय’ यात कोणीतरी मुद्दाम लबाडी केली आहे. ‘वेळापत्रकात काहीतरी झोल आहे’ यात नुसता घोटाळा आहे, दोषी कोणी नाही. अशा वेळी १, २ असे आकडे घालून प्रत्येक अर्थाला त्याचं स्वतःचं उदाहरण द्या. उलट, प्रमाण भाषेतला अर्थ पुन्हा लिहायची गरज नाही. ‘छापणे’ खाली ‘मुद्रण करणे’ नको. ‘दुसऱ्याचं लिखाण जसंच्या तसं उतरवून काढणे’ एवढंच आपलं.

उदाहरणं: इथे घाई करू नका

“तो छापतो.” हे उदाहरण नाही, नुसती जागा भरली आहे. छापतोच्या जागी खातो, झोपतो, काहीही घाला, वाक्य तसंच राहतं. आता हे बघा: “रात्री बसून तिचं आख्खं जर्नल छापलं, आकृतीतली चूकसुद्धा तशीच उतरली.” व्याख्या नसती तरी अर्थ कळला असता. असं वाक्य टेबलावर बसून सुचत नाही. ते ऐकावं लागतं आणि ऐकल्या ऐकल्या फोनमध्ये टिपून ठेवावं लागतं. आमच्या कोशातली चांगली वाक्यं जवळजवळ सगळी अशीच टिपलेली आहेत, आणि ती लगेच ओळखू येतात.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाकताना एक काळजी घ्या. त्यात खरी माणसं असतात. एका नोंदीच्या उदाहरणात शिक्षकांचं टोपणनाव होतं, आणि ते ज्यांचं होतं त्यांनीच ते वाचलं. ती नोंद लगेच काढली, पण वाचलं ते वाचलंच. नाव, टोपणनाव, वर्गाचा क्रमांक, ज्यावरून माणूस ओळखू येईल ते सगळं काढा. वाक्याचा जीव शब्दात असतो, नाव काढल्यानं तो जात नाही.

शिव्या आणि टोचणारे शब्द

ते वगळू नका, आणि मधे फुल्याही घालू नका. फुल्या घातलेला शब्द शोधला तर सापडत नाही. पूर्ण लिहा आणि खूण द्या: शिवराळ, अपमानकारक, चेष्टेचा, जवळच्या मित्रांतच चालणारा. ‘गावठी’ हा शब्द खुणेशिवाय नोंदला, तर तो कोणाला तरी रोज बोचतो हे कोशानं लपवल्यासारखं होतं. खूण कोणती द्यायची हे ठरवताना ज्याच्यावर शब्द फेकला जातो त्याला विचारा. फेकणाऱ्याला तो नेहमी हलकाच वाटतो.

व्युत्पत्तीचा मोह

माहीत असेल तरच लिहा. केटीचं मूळ ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या परीक्षेच्या नियमात, म्हणजे एटीकेटीत आहे, हे सांगता येतं. पण प्रमाण मराठीत दोरीला किंवा कापडाला पडणाऱ्या सैल बाकालाही झोल म्हणतात, म्हणून हजेरीतला झोल तिथूनच आला असं लिहून टाकायचं नाही. रकाना रिकामा राहिला तर बिघडत नाही.

सारखे दिसतात, पण सारखे नसतात

आता तांत्रिक भाग. याच्यावर आमचे सर्वांत जास्त तास गेले. तक्रार अशी होती: ‘ॲटिट्यूड’ची नोंद यादीत दिसते, पण शोधली तर मिळत नाही. मग कोणीतरी ती पुन्हा भरली आणि एकाच शब्दाच्या दोन नोंदी झाल्या, डोळ्यांना अगदी सारख्या.

कारण असं की ॲ दोन प्रकारे टाइप होतो. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली, ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं. त्याआधी अ लिहून त्यावर ॅ चढवत, आणि काही कळफलक अजूनही तसंच करतात. संगणकाच्या लेखी पहिल्या प्रकारात एक चिन्ह आहे, दुसऱ्यात दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवूनही ही जोडी एक होत नाही. बदलण्याची यादी आपणच द्यावी लागते. ‘अ + ॅ’च्या जागी ‘ॲ’, आणि ‘आ + ॅ’च्या जागी ‘ऑ’. हे दोन बदल सगळ्या कोशावर बिनधास्त चालवा, आणि शोधाच्या चौकटीत वाचक जे टाइप करतो त्यावरही चालवा. दुसरा भाग लोक विसरतात.

विसर्गाच्या बाबतीत असं बिनधास्त वागता येत नाही. पुष्कळजण विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात, ‘दु:ख’. पण कोलन आपल्याला इतरत्र खरोखर हवा असतो, म्हणून शब्दाच्या मधे आलेले कोलन शोधून एकेक हातानं बदला. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य देखील दोन प्रकारे लिहिला जातो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह लपलेलं असतं.

शंका आली की दोन्ही शब्दांची लांबी मोजा. स्प्रेडशीटमधलं ‘लेन’ हे सूत्र चिन्हांची संख्या देतं. दिसायला सारख्या शब्दांची संख्या वेगळी आली की चोर सापडला. कित्येकदा तो शब्दानंतर राहिलेली रिकामी जागाच असतो. ‘केटी’ आणि ‘केटी ’ अशा दोन नोंदी आमच्याकडे बरेच दिवस नांदत होत्या. ‘ट्रिम’ सूत्रानं तेवढं साफ होतं.

आणखी काही, पटकन: ‘-गिरी’सारखा प्रत्यय नोंदवताना सुरुवातीच्या वजाचिन्हामुळे एक्सेल ते गणित समजतं आणि चूक दाखवतं, म्हणून तो रकाना आधीच ‘मजकूर’ प्रकाराचा करून ठेवा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर देवनागरीची अगम्य चिन्हं झाली तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. फाइल ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) निवडा. तशीच सेव्ह मात्र करू नका. आणि शब्द ठळक करायला त्याच्याभोवती तारे किंवा टॅग घालू नका. सजावट पानाच्या आराखड्यात, रकान्यात नुसता शब्द.

क्रमवारी चुकत असेल तर कारण बहुधा हे: संगणक चिन्हांच्या क्रमांकानं लावतोय. त्या क्रमांकात ळ हा ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. आणि नवा ॲ तर हच्याही पुढे, म्हणून ‘ॲटिट्यूड’ यादीच्या तळाशी जाऊन बसतो. क्रमवारीची भाषा ‘मराठी’ निवडली की दोन्ही जागेवर येतात.

कुठला, कधीचा

‘सध्या’, ‘आजकाल’, ‘सगळेच वापरतात’ हे शब्द नोंदीत येऊच देऊ नका. दोन वर्षांनी ‘सध्या’ला काही अर्थ उरत नाही. वर्ष लिहा, आणि कुठे ऐकला तेही: वसतिगृहात, प्रयोगशाळेत, कोणत्या शाखेत.

बेंजामिन हॉल हा हार्वर्डचा विद्यार्थी. त्यानं १८५१ साली कॉलेजातल्या शब्दांचा आणि रीतींचा संग्रह छापला. त्यात ‘बार्नी’ हा शब्द आहे. हार्वर्डमध्ये, १८१० च्या सुमारास, वर्गात पाठ नीट म्हणून न दाखवता येणं म्हणजे बार्नी. आणि तोच शब्द क्रियापद म्हणूनही चाले. जागा, काळ, अर्थ, शब्दाची जात, सगळं त्या दोन ओळींत आहे. हॉलनं संग्रह छापला तेव्हाच तो शब्द चाळीस वर्षं जुना होता, तरी त्यानं तो ठेवला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कॉनी एबल यांनी १९७२ पासून विद्यार्थ्यांकडून असे शब्द जमवले. कोणता शब्द टिकला आणि कोणता एका बॅचबरोबर गेला, हे अशा वर्षवार संग्रहातूनच सांगता येतं.

म्हणून नवी बॅच ‘हे आता कोणी म्हणत नाही’ असं सांगून शब्द काढायला येते, तेव्हा आम्ही नोंद काढत नाही. ‘पहिल्यांदा ऐकला’च्या शेजारी ‘शेवटचा ऐकला’ असा एक रकाना केला आहे. त्यात ते वर्ष भरायचं, आणि बाकीची नोंद होती तशीच राहू द्यायची.