लहान मुलांसाठी विनोदी चित्रपुस्तक तयार करताना

"हत्ती इतका छान लपला, की तो कोणालाच दिसेना," असे वाक्य पानावर छापलेले आहे आणि चित्रात एका कोवळ्या रोपामागे अख्खा हत्ती डोळे गच्च मिटून उभा आहे, अशी कल्पना करा. ऐकणारे चार वर्षांचे मूल लगेच बोट दाखवून ओरडते, "तो काय तिथे!" शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच दाखवते, हे त्याने स्वतः पकडलेले असते, म्हणून ते हसते. ज्याला अजून अक्षरही वाचता येत नाही, त्याला त्या क्षणी वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणूनच चित्राने काय दाखवायचे आणि शब्दांनी काय दडवायचे, हे आधी ठरवावे. गोष्टीची वाक्ये त्यानंतर लिहावीत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्रज लेखिका-चित्रकार पॅट हचिन्स यांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले 'रोझीज वॉक' हे चित्रपुस्तक. त्यातील संपूर्ण मजकूर अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांचा आहे. एक कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच तो सांगतो. तिच्या मागावर असलेल्या आणि पावलोपावली फजित होणाऱ्या कोल्ह्याचा त्यात साधा उल्लेखही नाही. कोल्हा केवळ चित्रांत आहे आणि सगळी गंमत त्याच्यामुळेच आहे.

विनोद कोणत्या वयासाठी आहे, हेही सुरुवातीलाच निश्चित करावे. मुलाला आधी नियम पक्का माहीत असावा लागतो, तरच तो मोडल्याची मजा येते. दोन वर्षांच्या मुलाला डोक्यावर ठेवलेला बूट पुरतो, कारण बूट कोठे घालतात हे त्याला नुकतेच कळलेले असते. त्यानंतर वस्तूंना मुद्दाम चुकीची नावे देण्यात गंमत वाटू लागते, आणि पुढे झाडावर चढलेली गाय किंवा चष्मा लावून वाचत बसलेला मासा अशा अशक्य गोष्टी हसवतात. शब्दाच्या दोन अर्थांवर बेतलेली कोटी मात्र सहा-सात वर्षांच्या आधी सहसा उमगत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात ती मोठ्यांसाठीच उरते. अशा कोट्यांचा मोह लेखकाने निग्रहाने टाळावा, असे मला वाटते.

आता कागद हाती घ्यावा. छापलेला मोठा ताव दुमडून ८ किंवा १६ पृष्ठांचे संच केले जातात, त्यामुळे बहुतेक चित्रपुस्तके ३२ पृष्ठांची असतात. शीर्षकपृष्ठ आणि श्रेयाचा मजकूर वगळल्यास गोष्टीसाठी समोरासमोरच्या पृष्ठांच्या साधारण १२ ते १४ जोड्या उरतात. आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले, की ३२ पृष्ठांची कच्ची प्रत तयार होते. तीत पेन्सिलीने ओबडधोबड चित्रे काढावीत आणि मजकूर चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवावा, म्हणजे तो सहज हलवता येतो. ही प्रत टाळून थेट संगणकावर मांडणी करणाऱ्यांना पान उलटण्याचा अंदाज येत नाही, आणि विनोदी पुस्तकात सारा खेळ त्या उलटण्यावरच चालतो.

उत्सुकता उजव्या पृष्ठाच्या शेवटी ताणावी आणि तिचा उलगडा पान उलटल्यावरच व्हावा. "त्याने पेटी उघडली आणि..." हे शब्द आणि पेटीतून निघालेले बदक समोरासमोर छापले, तर मुलाची नजर आधी बदकावर जाते आणि वाक्य संपण्यापूर्वीच गंमत संपते. एकच प्रसंग दोनदा सारखा घडवून तिसऱ्यांदा वेगळा घडवण्याची युक्ती जुनी असली, तरी या वयात ती हमखास लागू पडते, कारण पुढे काय होणार याचा अंदाज बांधायला मुलाला दोन संधी मिळालेल्या असतात.

चित्रे काढताना पात्राचे डोळे, भुवया आणि शरीराचा कल यांवर सर्वाधिक मेहनत घ्यावी. प्रसंग कितीही वेडगळ असला, तरी पात्राचा चेहरा गंभीर ठेवावा. स्वतःच हसणारे पात्र मुलाला हसायला जागा ठेवत नाही. मुख्य पात्राचा चेहरा दोन पृष्ठांच्या मधल्या घडीत जाऊ देऊ नये. पार्श्वभूमीत एखादी गोगलगाय प्रत्येक पानावर थोडी थोडी पुढे सरकत ठेवावी, कारण हे पुस्तक पन्नास वेळा वाचले जाणार आहे आणि दहाव्या वाचनातही काही नवे सापडायला हवे. एखाद्याचे तोतरे बोलणे किंवा जाडेपणा हा मात्र विनोदाचा विषय करू नये, कारण ऐकणाऱ्यांतलेच एखादे मूल त्यामुळे गप्प होते.

अखेरीस कच्ची प्रत काही मुलांना वाचून दाखवावी, आणि शक्य असल्यास वाचनाचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे, म्हणजे आपल्याला मुलांच्या नजरा पाहता येतात. "आवडले का?" असे विचारू नये, कारण मुले मन राखण्यासाठी होकार देतात. कोणत्या पानावर ती पुढे सरकली, कोठे चुळबुळ सुरू झाली आणि कोठे चित्र समजावून सांगावे लागले, याची नोंद प्रतीच्या कडेला करावी. जेथे समजावून सांगावे लागले, तेथे शब्द वाढवू नयेत; चित्र पुन्हा काढावे.