माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर मित्राला येता येत नाही? आधी राउटरचा आयपी बघा

घरच्या कंप्युटरवर माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर चालू आहे, तुम्ही स्वतः मजेत खेळताय, पण दुसऱ्या गावातल्या मित्राला आत येता येत नाही. यावर 'फायरवॉल बंद कर', 'नवा राउटर घे' असे सल्ले हमखास मिळतात. ते ऐकू नका. फायरवॉल बंद केली की कंप्युटर उघडा पडतो आणि मूळ अडचण बहुतेक वेळा तशीच राहते.

मित्राला पडद्यावर नेमकं काय दिसतं ते विचारा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर समोरच्या यंत्राने उत्तर दिलंय, पण त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, सर्व्हर चालू नाही. 'टाइम्ड आउट' असेल तर उत्तरच आलं नाही, म्हणजे वाट कुठेतरी अडली आहे. 'आउटडेटेड' असा शब्द दिसला तर दोघांनी एकच आवृत्ती घ्या, नेटवर्कला हात लावू नका.

मग घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडून बघा. जमलं नाही तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी द्या. जमलं तर राउटरमध्ये कंप्युटरचा घरातला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायम करा आणि माइनक्राफ्टचा नेहमीचा टीसीपी पोर्ट २५५६५ त्याच्याकडे फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर येणाऱ्याला राउटर त्याच कंप्युटरकडे पाठवेल.

आता खरी मेख. मी तीन संध्याकाळी पोर्ट फॉरवर्डिंग पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो. नियम पहिल्या दिवसापासून बरोबर होता, अडचण माझ्या घराबाहेर होती.

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता असतो, तो लिहून घ्या. मग 'माझा आयपी काय' सांगणारी एखादी साइट उघडून तिथला आयपीव्ही४ पत्ता (टिंबांनी जोडलेले चार आकडे) बघा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक नॅट (एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवणारी व्यवस्था) आहे, आणि तुमच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी बाहेरचा माणूस तिथवर पोचणारच नाही.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि आशिया-पॅसिफिकमधला मोकळा साठा २०११ मध्येच तळाला गेला, म्हणून हे करावं लागतं. १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीने बसवलेला डबा स्वतःच राउटर म्हणून चालतोय. तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम करणार नाही, नाहीतर दोन्ही ठिकाणी पोर्ट फॉरवर्ड करा. १०ने सुरू झाला तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. डब्याचं पान उघडून त्याचा वॅन आयपी बघा.

सीजीनॅट असेल तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. बऱ्याचदा जादा पैसे पडतात. ते नको असेल तर टेलस्केल किंवा झिरोटियर, म्हणजे दूरचे कंप्युटर एकाच खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारा प्रोग्रॅम, तुमच्या कंप्युटरवर आणि प्रत्येक मित्राकडे टाका. दोन-चार जणांसाठी मी हेच करायला सांगेन, कारण यात राउटरला हात लावावा लागत नाही. टेलस्केलही १००नेच सुरू होणारा पत्ता देतं. तो मित्राला द्यायचा पत्ता आहे, त्याला सीजीनॅट समजून गोंधळू नका.

तपासताना दोन चुका टाळा. पोर्ट तपासणाऱ्या साइट सर्व्हर बंद असताना पोर्टही बंदच दाखवतात, म्हणून आधी सर्व्हर चालू करा. आणि घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक आयपीवर जोडून निष्कर्ष काढू नका. कित्येक राउटर ही उलटी वाट देत नाहीत. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग बघा.

मित्र आत आला की त्याच दिवशी सर्व्हरवर व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) चालू करा आणि ऑनलाइन मोड (खेळाडूचं खातं खरं आहे का याची तपासणी) चालूच ठेवा. २५५६५वर उघडे सर्व्हर शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटभर फिरत असतात.