टँकरवरचा 'इन' नकाराचा नव्हे

मुलांकडून इंग्रजी उपसर्गांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना पुढचं अक्षर बघायला लावा. नकाराचा 'इन' प, ब, म यांच्याआधी 'इम' होतो: पॉसिबलचं इम्पॉसिबल, पेशंटचं इम्पेशंट. 'ल'आधी इल्लीगल, 'र'आधी इर्रेग्युलर. 'अन' मात्र बदलत नाही: अनलकी, अनरिअल.

पण उपसर्ग दिसला की अर्थ उलटा, असं धरून चालू नका. सोलापुरात पाकणीच्या इंधन डेपोकडे जाणाऱ्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं दिसतं. तिथला 'इन' नकाराचा नाहीच. शब्द आलाय 'इन्फ्लेम', म्हणजे पेटवणे, यावरून. अर्थ: चटकन पेट घेणारं! न पेटणाऱ्याला म्हणतात 'नॉनफ्लेमेबल'. बाकी काही राहिलं तरी चालेल, ही जोडी पोरांकडून घोटून घ्याच. इथे जिवाशी गाठ आहे.