आईच्या स्टेंटआधी रेशनकार्डाची दुरुस्ती

पाटणच्या आमच्या वाडीतून आईला एसटीनं कराडला नेलं. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट, बारीक जाळीची नळी, बसवायची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, एवढं ऐकून होतो. पण आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर नुसतं ‘बायडाबाई’. काउंटरवरचा म्हणाला, “आधी पैसे भरा.” मी भरणारच होतो, मेहुण्यानं हात धरला. योजनेच्या रुग्णालयात रुग्णांना कागदपत्रांत मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, हे मला माहीतच नव्हतं! (बसतो तोही जिन्याखाली.) त्यानं कागद बघून तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवलं. तिथं दोन हेलपाटे, अर्ज, आधारची झेरॉक्स. नाव जुळलं, मंजुरी आली. आता शेजारच्या काकूंचं कार्ड आधीच तपासून ठेवलंय.