घरी तिरामिसू करताना मास्कारपोने फुटू नये म्हणून

तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटे आणि मास्कारपोने या मऊ, सायीसारख्या इटालियन चीजचे मिश्रण यांचे थर देऊन केलेला गोड पदार्थ. तो बिघडला की दोष सहसा बिस्किटांना दिला जातो, नाहीतर कॉफीला. गेली बारा-तेरा वर्षे मी हा पदार्थ घरी करत आले आहे. बिस्किटे जास्त भिजल्यामुळे बिघडलेला तिरामिसू निदान वाटीत घालून चमच्याने खाता येतो. मास्कारपोने फुटल्यामुळे बिघडलेला मात्र कोणापुढे ठेवता येत नाही. तरीही बहुतेक पाककृतींमध्ये या टप्प्याची बोळवण ‘बलकाच्या मिश्रणात मास्कारपोने घालून चांगले फेटून घ्यावे’ एवढ्या एका ओळीत केलेली असते. त्या ओळीतला ‘चांगले’ हा शब्द सर्वांत घातक आहे.

मुळात हा पदार्थ किती थोड्या वस्तूंचा आहे, हे ध्यानात घेतले तर निम्मे वायफळ सल्ले आपोआप गळून पडतात. इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो प्रांतात त्रेविझो नावाचे शहर आहे. तेथील आदो कांपेओल आणि त्यांची पत्नी आल्बा यांच्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटमध्ये हा पदार्थ १९७२ साली मेन्यूवर आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शेजारच्या फ्रिउली व्हेनेत्सिया जुलिया प्रांताला हे मान्य नाही. तोल्मेत्सो गावातील एका हॉटेलात तो १९५० च्या दशकापासून होत होता, असे तिकडचे लोक सांगतात, आणि २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत त्याची नोंद फ्रिउलीच्या नावावर केली तेव्हा व्हेनेतोकडून जोरदार निषेध झाला होता. वादाचा निकाल काहीही लागो, त्रेविझोच्या कृतीत वस्तू सहाच आहेत: अंड्यांचे बलक, साखर, मास्कारपोने, सावोयार्दी बिस्किटे, कॉफी आणि कोको. त्यात जिलेटीन नाही, फेटलेले क्रीम नाही, अंड्यांचा पांढरा भाग नाही आणि मद्यही नाही. मार्साला वाइन किंवा रम आवडत असेल तर दोन चमचे कॉफीत घालावी. न घातल्याने काहीही अडत नाही.

साधारण २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या भांड्यासाठी, म्हणजे सात-आठ जणांसाठी, ४ बलक, १०० ग्रॅम साखर, ५०० ग्रॅम मास्कारपोने, २४ ते २६ सावोयार्दी बिस्किटे, ३०० मिलिलिटर कडक कॉफी आणि दोन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर लागते. सावोयार्दी आपल्याकडे ‘लेडीफिंगर’ या नावाने मिळतात. ती मिळाली नाहीत तर साध्या स्पंज केकच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात. मारी बिस्किटे वापरू नयेत. त्यांचा पुडिंगसारखा लगदा होतो आणि तो चवीला वाईट नसला तरी तिरामिसू नसतो.

मास्कारपोनेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. क्रीम चीज खारट आणि आंबट असते. चक्का घालून केलेला तिरामिसू मी दोन घरी खाल्ला आहे. ते कॉफी घातलेले श्रीखंड होते आणि श्रीखंडाला कॉफीची काही गरज नाही. मास्कारपोने घरी करता येते, कारण त्यात विरजण किंवा रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) लागत नाही: क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवून त्यात लिंबाचा रस घालतात आणि ते घट्ट झाले की फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवतात. परंतु त्यासाठी निदान ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम हवे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या २५ टक्क्यांच्या क्रीमचे मास्कारपोने पातळच राहते. विकतचे घेताना डब्यावर स्निग्धांश ४० टक्क्यांच्या आसपास आहे की नाही, एवढे पाहावे.

कॉफी सर्वांत आधी करून निवत ठेवावी. इटालियन घरांत ती मोका पॉटमध्ये, म्हणजे शेगडीवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात करतात. आपल्या दाक्षिणात्य फिल्टरचे दाट डिकॉक्शनही उत्तम चालते, फक्त पावडरीत चिकोरी नको, कारण चिकोरीचा कडवटपणा गार पदार्थात जास्त जाणवतो. कॉफीत साखर घालू नये.

आता बलक. त्रेविझोच्या कृतीत ते कच्चेच फेटतात. मी ते शिजवून घेते आणि इतरांनीही तसेच करावे, असे माझे ठाम मत आहे. कच्च्या अंड्यांत असू शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंचा धोका पत्करण्याइतका चवीत फरक पडत नाही. बलक आणि साखर एका काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट वाडग्यात एकत्र करून लगेच फेटायला घ्यावेत. साखर बलकांवर तशीच पडून राहिली तर ती त्यांतले पाणी ओढून घेते आणि बलकाच्या पिवळ्या कण्या तयार होतात, ज्या पुढे काही केल्या विरघळत नाहीत. दोन मोठे चमचे पाणी घालून वाडगा मंद उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवावा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. हात न थांबवता सात-आठ मिनिटे फेटावे. थर्मामीटर असेल तर ७२ अंश होताच खाली उतरवावे. नंतर मिश्रण निवेपर्यंत फेटत राहावे. त्याचा रंग फिकट पिवळा होतो आणि व्हिस्क उचलला की पडणारी धार क्षणभर पृष्ठभागावर दिसत राहते. इथपर्यंत फारसे कोणी चुकत नाही.

चूक होते ती यानंतर. पहिल्यांदा मी तिरामिसू केला तेव्हा संध्याकाळी सहा पाहुणे यायचे होते. फ्रिजमधून काढलेले थंडगार मास्कारपोने मी बलकांच्या मिश्रणात थेट घातले आणि पाककृतीत लिहिल्याप्रमाणे इलेक्ट्रिक बीटर चालू केला. पांढऱ्या गुठळ्या पिवळ्या मिश्रणात तरंगू लागल्या, म्हणून मी वेग वाढवला. अर्ध्या मिनिटात बीटरचा आवाज जड झाला, मिश्रणाची चकाकी गेली, ते आधी ओल्या रव्यासारखे दिसू लागले आणि मग वाडग्याच्या कडेने पिवळसर पाणी सुटले. सासूबाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगं, लोणी आलंय की! आता कढवूनच टाक.”

त्या थट्टेने म्हणाल्या होत्या, पण निदान अचूक होते. मास्कारपोने म्हणजे पाण्यात दाटीवाटीने अडकून बसलेले स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब. त्यांना जोराने घुसळले की ते एकमेकांना चिकटतात आणि मधले पाणी बाहेर पडते. साय घुसळताना ज्या क्षणाची आपण आतुरतेने वाट पाहतो, नेमका तोच क्षण इथे टाळायचा असतो.

पुढच्या दोन-तीन वेळा मी बीटर हळू चालवला, मग कमी वेळ चालवला, आणि तरीही निम्म्या वेळा मिश्रण फुटलेच. खरी चूक फेटण्याच्या आधीची होती, हे उशिरा लक्षात आले. मास्कारपोने थंड आणि बलक कोमट असले की गुठळ्या होतात. गुठळ्या दिसल्या की हात आपोआप जोरात चालतो. आणि जोर लागला की लोणी येते. म्हणून जोर कमी करण्याचा उपदेश निरुपयोगी आहे. गुठळ्याच झाल्या नाहीत तर जोर लावण्याची वेळ येणार नाही.

यावर मी आता जे करते ते असे. बलक निवत असताना मास्कारपोने फ्रिजबाहेर काढावे. पुण्यातल्या हिवाळ्यात त्याला २५ ते ३० मिनिटे लागतात, मे महिन्यात दहा मिनिटे पुरतात. ‘सर्व साहित्य खोलीच्या तापमानाला आणावे’ ही युरोपातल्या गार स्वयंपाकघरांसाठीची सूचना आहे. आपल्या ३५ अंशांच्या खोलीत तसे ठेवले तर मास्कारपोने वितळून सैल पडते आणि मिश्रण पुन्हा घट्ट होत नाही. डब्यात चमचा खुपसल्यावर तो सहज आत जावा, पण बाहेर काढल्यावर पडलेला खळगा जागच्या जागी राहावा, इतपत मऊपणा हवा. बलकांच्या वाडग्याचा तळ मनगटाला लावून पाहावा. जराही ऊब लागली तर आणखी थांबावे.

नंतर मास्कारपोने वेगळ्या मोठ्या वाडग्यात घेऊन एकटेच स्पॅट्युलाने दाबून-दाबून सैल करावे, लाडवासाठी मिश्रण मळताना तळहाताने रगडतो तशा चालीने. दहा-पंधरा वेळा पुरे होतात. ते एकसारखे मऊ झाले की त्यात बलकांचे एक तृतीयांश मिश्रण घालून हलक्या हाताने मिसळावे. ते पूर्ण जिरल्यावरच उरलेले दोन भागांत घालावे. पातळ वस्तू घट्ट वस्तूत घालायची, घट्ट वस्तू पातळात टाकायची नाही, हा क्रम मी कधीही मोडत नाही. गंमत अशी, की त्रेविझोचे पेस्ट्री शेफ रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांच्या हातून व्हॅनिला आइस्क्रीम करताना अंडी-साखरेच्या भांड्यात थोडे मास्कारपोने पडले आणि त्यातून या पदार्थाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे त्याचा जन्म बरोबर उलट्या क्रमाने झाला. अपघाताला ते शोभते.

या टप्प्यावर बीटर कपाटात ठेवावा. कोणी कितीही सांगितले की त्याने मिश्रण हलके होते, तरी तो काढू नये; हलकेपणा बलक फेटताना येऊन गेलेला असतो. पिवळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबावे. एखादी बारीक गुठळी राहिली तरी ती तशीच सोडावी, फ्रिजमध्ये ती कोणाला सापडत नाही.

मिश्रण नुकतेच रवाळ दिसू लागले असेल तर अजून आशा असते. दोन मोठे चमचे क्रीम किंचित कोमट करून त्यात घालावे, वाडगा गरम पाण्यावर दहा सेकंद धरावा आणि अगदी सावकाश ढवळावे. पुष्कळदा ते परत एकजीव होते. पाणी वेगळे झाले असेल तर प्रयत्न सोडावा. जिलेटीन घालून, कॉर्नफ्लोअर लावून किंवा मिक्सरमधून काढून ते सुधारत नाही; मी तिन्ही उपाय करून पाहिले आहेत. ते निथळून ब्रेडला लावावे आणि तिरामिसूसाठी नवा डबा आणावा.

बिस्किटे भिजवणे त्यामानाने सोपे आहे. कॉफी पूर्ण गार असावी, बिस्कीट आडवे धरून एका बाजूने एक सेकंद आणि दुसऱ्या बाजूने एक सेकंद बुडवावे, लगेच उचलावे. एक बिस्कीट मोडून पाहावे: मधोमध कोरडी पांढरी रेघ दिसली तर ते बरोबर भिजले आहे, कारण उरलेली ओल ते रात्रीतून मिश्रणातून घेते.

बिस्किटांचा एक थर, त्यावर निम्मे मिश्रण, पुन्हा बिस्किटे, पुन्हा मिश्रण. वरून सपाट करून, भांडे झाकून फ्रिजमध्ये निदान सहा तास, शक्य तर रात्रभर ठेवावे. दोन तासांत ‘सेट’ होतो म्हणणाऱ्यांनी तो बहुधा खोल वाटीतच वाढलेला असतो.

कोको आदल्या रात्री भुरभुरू नये. तो ओल शोषून काळा पडतो आणि त्यावर चिखलाचे ठिपके पडल्यासारखे दिसतात. वाढण्याच्या आधी पाच मिनिटे बारीक गाळणीतून चाळावा आणि सुरी प्रत्येक कापानंतर गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. उरलेला तिरामिसू फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापेक्षा चांगला लागतो. बाजूला काढलेल्या चार पांढऱ्या भागांचे सकाळी कांदा-मिरची घालून आम्लेट करावे.