शिह त्झूचे केस: कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे

शिह त्झू जातीचा कुत्रा वरून कितीही चकचकीत दिसला, तरी केसांखाली बोट घालून बघा. ब्रश नुसता वरवर फिरत असेल, तर आत कातडीलगत जटा धरतात. त्या ओढल्या की दुखतं, दुखलं की तो पळतो, आणि मग लोक म्हणतात, कुत्रं हट्टी आहे. हट्टी तो थोडा असतोच. पण मूळचा तिबेटचा हा कुत्रा चीनच्या राजवाड्यात माणसांच्या सोबतीसाठीच वाढवला गेला. त्याला तुमचा हात अंगावर हवाच असतो, फक्त तो दुखवणारा नको.

आमच्या ठकीला मी रात्रीच्या जेवणानंतर मांडीशी कुशीवर निजवते. आधी पाण्यात पातळ केलेलं कंडिशनर थोडं फवारायचं, कारण कोरडे केस तुटतात. सुरुवात पोटाकडून. डाव्या हाताने वरचे केस उचलून धरायचे आणि खाली सरळ भांग पाडायचा, कातडी दिसेल असा. तेवढेच केस विंचरायचे, मग वरून आणखी एक पातळ थर खाली सोडायचा. असं पाठीपर्यंत. शेवटी स्टीलचा कंगवा कुठेही न अडकता फिरला, तरच झालं म्हणायचं.

कानामागे, काखेत आणि हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे गुंता हमखास सापडतो. मूळ चिमटीत धरून बोटांनी टोकाकडून सोडवा. कात्री अजिबात नको. जटेत कातडी ओढली गेलेली असते आणि पटकन कापली जाते. गुंता असताना अंघोळही नको, भिजला की तो आणखी आवळतो. साधारण 10 ते 12 महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस बदलतात. त्या काळात एक दिवसही चुकवू नका.

डोळ्यांना जपा. ते मोठे, बाहेर आलेले असतात, आणि नाकावरचे केस वर वाढून थेट त्यांत जातात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा रोज पुसा. डोळा मिटून धरला किंवा त्यावर पांढुरका डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. डोक्यावरची शेंडी सैल बांधा.

नाक चपटं असल्यामुळे उकाडा त्याला सोसत नाही. फिरवणं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि गळ्यात पट्ट्याऐवजी अंगात हार्नेस. जीभ निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

ओरडून तो काही शिकत नाही, उलट अंग चोरतो. पंजे धरू दिले की लगेच खाऊचा तुकडा द्या, आणि त्याला कंटाळा यायच्या आत थांबा. रोज एवढं जमणार नसेल, तर केस सरळ बारीक कापून घ्या. लांब केसांचा सोस आपला असतो, त्याचा नसतो. बारीक केसांतही कानामागे मात्र कंगवा फिरवावाच लागेल.